ज्ञानकोशकार केतकर आणि माझं एक बंद पडलेलं सॉफ्टवेअर

नायगारा ही आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाळी लिहिलेली गोष्ट आहे. भारतातून आई-बाबा आले, सासू-सासरे आले, मावशी-काका आले, की गाडी काढायची, डब्यात पराठे आणि मेथीच्या दशम्या भरायच्या आणि धबधब्याच्या दिशेने सुटायचं. गेल्या आठ वर्षांत मी पाच वेळा नायगारा पाहिला आहे. धबधब्यालाही आता माझा चेहरा ओळखीचा झाला असावा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र बाबांनी एक वेगळीच फर्माईश केली. न्यू जर्सीहून निघताना त्यांनी विचारलं, की वाटेत इथाका लागतं का? मला वाटलं, कॉर्नेल युनिव्हर्सिटी बघायची असेल. नातवाला पुढे तिथे घालायचं, वगैरे. तसं काही नव्हतं. बाबांना केतकर जिथे शिकले ती जागा बघायची होती.

कोण केतकर, हे विचारायची मला लाज वाटली, म्हणून मी विचारलं नाही. इंजिनियरिंगला गेलेल्या मुलाचं मराठी दहावीच्या पेपराबरोबर संपतं, तसं माझंही संपलं होतं. बिंगहॅम्टन मागे टाकलं आणि बाबांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. आमच्या जुन्या घरी, माझ्या पणजोबांच्या कपाटात, जाडजूड पुठ्ठ्याचे काही ग्रंथ होते. पणजोबा वऱ्हाडात शाळामास्तर. पगार बेताचा. तरी त्यांनी पोटाला चिमटा काढून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची वर्गणी भरली होती. संच काही पूर्ण उरला नाही, काही खंड वाळवीने खाल्ले, काही कोणी नेले ते परत आले नाहीत. चार खंड आज पुण्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहेत. फ्लॅट विकायचं घाटतं आहे आणि त्या चार खंडांचं काय करायचं, हा बाबांपुढचा प्रश्न होता. रद्दीवाल्याला देववत नाहीत आणि इकडे आणायचे म्हटले तर बॅगेचं वजन तेवढ्यातच संपणार.

मला गाडी चालवताना दुसरीच गोष्ट टोचत होती. ती आधी सांगून टाकतो, कारण तिच्यामुळेच हा लेख लिहिला गेला.

आपल्या मंडळाची लायब्ररी एका काकूंच्या बेसमेंटमध्ये आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. काकू दोनशे पानी वहीत नोंदी ठेवतात. ती वही बघून माझ्यातल्या कॉम्प्युटर इंजिनियरला राहवेना. मी कोणाला न सांगता चार महिने वीकेंड घालवून एक झकास सिस्टीम लिहिली. बारकोड, लॉगिन, उशीर झाला की आपोआप ई-मेल, सगळं. गणपतीच्या कार्यक्रमात तिचं प्रात्यक्षिक दाखवलं, टाळ्या मिळाल्या. नंतर सहा महिन्यांत तिच्यात एकूण तीन नोंदी झाल्या आणि त्यातल्या दोन मी स्वतः चाचणी म्हणून केलेल्या होत्या. काकूंची वही सुरूच राहिली. मी मनातून रुसलो होतो. आपल्या लोकांना कशाची किंमत नाही, असं बायकोला बोलूनही दाखवलं होतं.

असो. आपण इथाकाला पोचलो होतो.

कॉर्नेल टेकडीवर आहे आणि खाली केयुगा तलाव लांबच लांब पसरलेला दिसतो. मधोमध एक उंच घड्याळाचा मनोरा आहे आणि त्यातून घंटा वाजतात. तो मनोरा १८९१ सालचा, म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर इथे आले तेव्हा त्या घंटा त्यांनीही ऐकल्या असणार. बाबा बराच वेळ तिथे बसून राहिले. मी दशम्यांचा डबा उघडला आणि त्या दिवसापासून हळूहळू या माणसाच्या नादी लागलो. द. न. गोखल्यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र बाबांनी नंतर पुण्याहून पाठवलं. त्यातून, आणि इकडून तिकडून वाचून, जे माझ्या डोक्यात बसलं ते तुम्हाला सांगतो.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीला. नंतर मुंबईत विल्सन कॉलेज. १९०६ साली, म्हणजे वयाच्या बावीसाव्या वर्षी, ते अमेरिकेला निघाले. त्या काळात शिकायला परदेशी जायचं म्हणजे लंडन, बॅरिस्टरी किंवा आय.सी.एस. अमेरिकेला जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्यातले बहुतेक जण कंपनीने काढून दिलेल्या तिकिटावर, विमानात सिनेमे बघत इथे आलो. या मुलापुढे आठवड्यांचा बोटीचा प्रवास होता आणि उतरल्यावर घ्यायला येणारं महाराष्ट्र मंडळ नव्हतं.

कॉर्नेलमध्ये ते काय शिकले? तर समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. आणि प्रबंधासाठी विषय घेतला जातिसंस्थेचा. हिंदुस्थानातील जातींचा इतिहास हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली इथाकालाच छापून निघाला. त्यात मनुस्मृतीच्या आधारे त्या काळच्या समाजाची तपासणी आहे. १९११ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. जात म्हणजे काय, तर जिचं सभासदत्व जन्माने मिळतं आणि जिच्या सभासदांना बाहेर लग्न करता येत नाही असा गट, अशी त्यांची मांडणी होती.

पुढची गंमत बघा. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया युनिव्हर्सिटीत, आणखी एका मराठी विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या निबंधात त्यांनी आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या आणि त्यात केतकरांची व्याख्याही होती. बाहेर लग्न न करणं आणि जन्माने सभासदत्व मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. इथाका ते न्यूयॉर्क आज साधारण चार तासांचा रस्ता आहे. एका मराठी माणसाने एका टोकाला लिहिलेलं दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला वाचलं आणि पुढे नेलं. कधीतरी त्या रस्त्याने जाल तेव्हा आठवण ठेवा.

डिग्री घेऊन केतकर थेट घरी आले नाहीत. वाटेत साधारण वर्षभर लंडनला राहिले. तिथे त्यांचा हिंदू धर्मावरचा दुसरा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि तिथेच त्यांची एडिथ कोन या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली. या ओळखीचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

१९१२ साली ते परत आले. काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलं. कलकत्त्याला तेव्हा एक मोठी गोष्ट नुकतीच घडली होती. नगेंद्रनाथ बसू यांनी बंगालीत बावीस खंडांचा विश्वकोश १९११ साली पुरा केला होता. दक्षिणेत तेलुगू भाषेत कोमर्राजू लक्ष्मणराव ज्ञानकोशाच्याच खटपटीत होते. हे लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले, मराठीत लेख लिहिणारे. इंग्रजीत तर ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती १९१०-११ मध्येच निघाली होती, केतकर पश्चिमेत असतानाच. मराठीत असं काही नव्हतं. आणि केतकर काही दिवस आंध्रात फिरून नागपूरला आले ते हे काम करायचं ठरवूनच.

आता मंडळी, इथे क्षणभर थांबून हा प्रकल्प माझ्यासारख्याच्या नजरेने बघा. मराठीत सगळ्या विषयांवरचा ज्ञानकोश करायचा आहे. लेखक लागतील, त्यांना वर्षानुवर्षं पगार लागेल. संस्कृत, इंग्रजी, जर्मन ग्रंथ वाचणारे लागतील. रसायनशास्त्रावर मराठीत लिहायचं तर आधी शब्द शोधावे लागतील. त्यात कोश वर्णानुक्रमाने छापायचा. म्हणजे ‘अ’चे सगळे लेख, मग ते गणितातले असोत, भूगोलातले असोत की वैद्यकातले, पहिल्याच खेपेला तयार हवेत. एका माणसाचा एक लेख अडला की अख्खा खंड अडतो. सूची तर सगळं संपल्याशिवाय पुरी होणार नाही. आणि पहिला खंड बाजारात येईपर्यंत रुपयाचीही विक्री नाही. आमच्या क्षेत्रात असा प्रस्ताव घेऊन कोणी आला तर मॅनेजर त्याला कॉफी पाजून घरी पाठवेल.

केतकरांचं वय तेव्हा बत्तीस. म्हणजे आज माझं आहे त्याहूनही कमी.

दोन रस्ते नेहमीचे होते. एक म्हणजे एखाद्या संस्थानिकाच्या पायाशी बसायचं. दुसरा म्हणजे आपणच खोलीत कोंडून घेऊन जन्मभर लिहीत राहायचं. आपल्याकडे या दुसऱ्या रस्त्याचं फार कौतुक. एकट्याने केलेल्या तपाच्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. केतकरांनी तिसरा रस्ता घेतला. १९१६ साली नागपूरला त्यांनी ज्ञानकोश मंडळ लिमिटेड नावाची कंपनी काढली. चक्क भागभांडवलाची कंपनी. ज्ञानाच्या कामासाठी शेअर विकायचे, ही कल्पनाच त्या काळच्या मराठी माणसाला चमत्कारिक वाटली असेल. आपल्याकडे विद्येचं काम म्हणजे दान, नाहीतर वर्गणीची पावती. केतकरांचं गणित निराळं होतं. ज्याने भाग घेतला त्याचं हे काम झालं. ते बुडलं तर त्याचेही पैसे बुडणार, म्हणून तो चार जणांना सांगेल.

त्याच्या जोडीला आगाऊ वर्गणीदार. स्वतः केतकर आणि त्यांची माणसं गावोगाव फिरली. वकील, मामलेदार, डॉक्टर, शाळामास्तर यांच्या दारात जाऊन उभी राहिली. अजून लिहिल्या न गेलेल्या पुस्तकासाठी लोकांकडून पैसे मागायचे, हे सोपं काम नाही. मी दिवाळी अंकाच्या जाहिरातींसाठी एडिसनमधल्या किराणा दुकानांत फिरलो आहे, तेव्हा थोडीफार कल्पना आहे. तिथे निदान गेल्या वर्षीचा अंक तरी दाखवायला असतो.

माझे पणजोबा त्या वर्गणीदारांपैकी एक. आमच्या घरी त्यांच्याबद्दल सांगताना एवढंच सांगतात की पणजीने त्या पायी त्यांना बरंच ऐकवलं होतं. पण त्यांच्यासारखी माणसं गावोगाव निघाली म्हणून पुढच्या गोष्टी घडल्या. पुढे कामाचं ठाणं पुण्याला हललं. पगारी सहकारी नेमले गेले, बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख आले. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड छापून झाले.

यातले पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. पाच खंड प्रस्तावना! हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास अशी त्यांची नावं. ‘अ’ उजाडतो तो सहाव्या खंडात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला हसू आलं. पैसे भरून ‘अ’ची वाट बघणाऱ्या वर्गणीदाराच्या जागी स्वतःला बसवून बघा. पण केतकरांच्या मनात ब्रिटानिकाचं भाषांतर नव्हतंच. मराठी माणसाने जगाकडे बघायचं तर आधी तो कुठे उभा आहे हे त्याला सांगायला हवं, असा त्यांचा हिशेब होता. आपण कुठून आलो, जग कुठून आलं, आणि विज्ञान इथवर कसं पोचलं, हे आधी. मग ‘अ’. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये बसून बघितलेलं जग त्यांना माहीत होतं. त्यांना अमरावतीतून दिसणारं जग लिहायचं होतं.

आता एडिथची गोष्ट. १९१२ नंतर ती दोघं दुरावली. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. पत्रं होती तेवढीच. १९२० साली ती बोटीने हिंदुस्थानात आली. केतकरांनी व्रात्यस्तोम नावाचा जुना वैदिक विधी शोधून काढला, त्या विधीने तिला हिंदू धर्मात घेतलं आणि दोघांचं लग्न झालं. ती शीलवतीबाई केतकर झाली. जात म्हणजे बाहेर लग्न न करणारा गट, असं इथाकात बसून लिहिणारा माणूस स्वतः असा वागला, हे मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा जास्त आवडलं. पुस्तकातलं घरात आणायला छाती लागते.

शीलवतीबाईंच्या वाटेला काय आलं ते मात्र आपल्या घरातल्या बायकांनी ऐकावं. परका देश, परकी भाषा, पुण्याचं तेव्हाचं सोवळं-ओवळं आणि सतत पैशांची ओढाताण. इकडे पहिल्या हिवाळ्यात एच-४ व्हिसावर घरात अडकून पडलेली माझी बायको त्यांची हकीकत वाचताना बराच वेळ गप्प होती. पण शीलवतीबाई नुसत्या सोसत बसल्या नाहीत. प्रागचे पंडित विंटरनिट्झ यांनी भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमध्ये लिहिला होता. त्याचं इंग्रजी भाषांतर शीलवतीबाईंनी केलं. त्याचा पहिला भाग कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली प्रसिद्ध केला. आजही जगभरचे अभ्यासक तो ग्रंथ इंग्रजीत वाचतात तेव्हा मुखपृष्ठानंतरच्या पानावर मिसेस एस. केतकर हे नाव असतं. नवरा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, १९६९ साली, त्यांच्या आठवणींचं पुस्तक मराठीत आलं. त्याचं नाव ‘मीच हे सांगितले पाहिजे’.

केतकर स्वतः कसे होते? सोपे नव्हते. फटकळ, विक्षिप्त, डोक्यात दहा बेत एकदम चाललेले. कोशाचं काम चालू असतानाच कादंबऱ्या लिहायला लागले. ब्राह्मणकन्या, गोंडवनातील प्रियंवदा, परागंदा, गावसासू. भाषेची नजाकत शोधायला जाल तर फसाल, कारण पात्रं मध्येच थांबून समाजशास्त्रावर बोलू लागतात. पण परदेशी गेलेली मराठी माणसं, जातीबाहेरची लग्नं, अशा लग्नांतून झालेल्या मुलांनी कोणाचं म्हणवून घ्यायचं, हे प्रश्न मराठी कादंबरीत इतक्या आधी आणणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. आपल्या मुलांना उद्या जे प्रश्न पडणार आहेत ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहेत. १९३१ साली हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

पैशांच्या बाबतीत मात्र नशीब रुसलेलंच. मराठी ज्ञानकोश होत आला तसा त्यांनी गुजरातीतही ज्ञानकोश काढायचा घाट घातला. एकदा जमलं ते पुन्हा जमेल असं वाटलं असावं. ते काम काही पुरं झालं नाही आणि कर्ज वाढलं. शेवटची वर्षं तंगीत गेली. मधुमेह होता. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते गेले. वय त्रेपन्न.

गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. मोठा माणूस, मोठं काम, हालात अंत, आणि शेवटी आपण हळहळायचं. अशा गोष्टी आपल्याकडे पायलीला पन्नास आहेत.

इथाकाहून परत आल्यावर एक दिवस मी मुलीला मराठी शाळेचा अभ्यास घेत होतो. तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. तो मलाही येईना, म्हणून मी नेहमीप्रमाणे शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर गेलो. तिथे दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश आहेत, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मोल्सवर्थ आहे आणि दाते यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. तो मी कितीतरी वेळा वापरला होता. दाते कोण, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. त्या दिवशी आला.

यशवंत रामकृष्ण दाते आणि त्यांचे जोडीदार चिंतामण गणेश कर्वे. दोघेही केतकरांच्या ज्ञानकोशात काम करणारे. शब्द जमवायचे कसे, चिठ्ठ्या लावायच्या कशा, लेखकांकडून वेळेवर काम काढायचं कसं, सूची करायची कशी, हे सगळं ते तिथे शिकले. ज्ञानकोश संपल्यावर ही मंडळी पांगून आपापल्या घरी गेली नाहीत. आणखी सहकारी घेऊन त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश हाती घेतला आणि १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग काढले. पुढे वाक्प्रचार आणि म्हणींचा वाक्‌संप्रदाय कोश, १९४८ साली शास्त्रीय परिभाषा कोश, आणि त्यानंतर सुलभ विश्वकोश. एका माणसाने डोक्यात घेतलेल्या कामातून माणसं तयार झाली आणि तो माणूस गेल्यावरही कोश निघत राहिले. केतकरांचा ज्ञानकोशही पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने इंटरनेटवर आणला.

मी स्क्रीनकडे बघत बसलो. पणजोबांनी वऱ्हाडात भरलेले पैसे, त्यावर चाललेले पगार, त्या पगारावर कोशाचं काम शिकलेले दाते, दात्यांचा शब्दकोश, तो शिकागोच्या कुठल्याशा सर्व्हरवर, आणि त्यातून न्यू जर्सीत माझ्या मुलीला मिळालेला एक मराठी शब्द. पणजीने ऐकवलं ते ऐकवलं, पण वर्गणी वसूल झाली म्हणायची.

आणि तेव्हाच माझ्या त्या झकास सिस्टीमचं काय चुकलं ते लक्षात आलं. कोडमध्ये चूक नव्हती. मी काकूंना एकदाही विचारलं नव्हतं की त्या वहीत नेमकं काय लिहितात. केतकर अजून न लिहिलेल्या पुस्तकासाठी परक्या माणसांच्या दारात गेले. मी लिहून झालेली गोष्ट घेऊन आपल्याच माणसांपुढे उभा राहिलो आणि टाळ्यांची वाट बघत बसलो. त्यात त्यांचा भाग काय होता? काहीच नाही. मग ती त्यांची कशी होणार?

पुढच्या शनिवारी मी काकूंकडे गेलो. चहा झाला. वही मागितली. पहिल्यांदाच नीट वाचली. तिच्यात पुस्तकाचं नाव आणि कोणी नेलं हे तर होतंच, पण एक रकाना असा होता जो माझ्या सिस्टीममध्ये नव्हता आणि मला सुचलाही नसता. पुस्तक इकडे कोणी आणलं. अमक्याच्या आईने पहिल्या फेरीत आणलं. तमक्या कुटुंबाने भारतात परत जाताना दिलं. एका आजोबांच्या पश्चात त्यांच्या मुलाने दिलेली बावीस पुस्तकं. काकूंच्या लेखी लायब्ररी म्हणजे तो रकाना होता. कोणी पुस्तक न्यायला आलं की त्या आधी ते कोणाच्या बॅगेतून आलं ते सांगतात आणि म्हणून लोक पुस्तकं परत आणून देतात. माझा उशिराचा ई-मेल त्यापुढे काय करणार?

सिस्टीम मी पुन्हा लिहायला घेतली, यावेळी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. लॉगिन काढून टाकलं. एका काकांनी लेखकांची नावं तपासली, मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांनी नोंदी भरल्या आणि शुद्धलेखनाच्या चुका शोधण्याची त्यांनी शर्यत लावली. नऊ कुटुंबांनी मिळून चारशेच्या वर पुस्तकं चढवली. वेळ पहिल्यापेक्षा दुप्पट लागला, भांडणंही झाली. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकाच नावाखाली घालायचे की वेगळे, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. पण आता ती सिस्टीम रोज वापरली जाते. माझी आहे असं कोणी म्हणत नाही, आणि सुरुवातीला ते थोडं लागलंही.

पुण्याचा फ्लॅट गेल्या डिसेंबरात विकला गेला. बाबांनी फोनवर खंडांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, घेऊन येतो. चारपैकी दोन खंड पुण्यातल्या एका ग्रंथालयाला हवे होते, ते तिकडे दिले. उरलेले दोन मी हँडबॅगेत घालून आणले. विमानतळावरच्या तपासणीत ते बाहेर काढावे लागले. पिवळी पानं उलटून बघणाऱ्या त्या अधिकाऱ्याला हे काय आहे असा प्रश्न पडला होता आणि मीही जरा अभिमानानेच सांगितलं, की हा आमचा एन्सायक्लोपीडिया.

ते दोन्ही खंड आता काकूंच्या बेसमेंटमध्ये, दारातून शिरल्यावर डाव्या हाताच्या फळीवर आहेत. घरी नेता येणार नाहीत, पण तिथे बसून जरूर चाळा. सिस्टीममध्ये ‘कोणी आणलं’ या रकान्यात काकूंनी माझं नाव घातलं होतं. मी ते बदलून पणजोबांचं घातलं आहे.